मांडव, राहुटी आणि हिवाळ्यातले वावधन

तुळशीचे लग्न लागले की आपल्या वऱ्हाडात मांडवाचे दिवस सुरू होतात. कार्तिकातली लग्ने, मार्गशीर्षातली दत्तजयंती, गावोगावचे भागवत सप्ताह, २० डिसेंबरला गाडगेबाबांची पुण्यतिथी, पौषातल्या जत्रा, माघात शेगावचा प्रकटदिन, पाठोपाठ महाशिवरात्र आणि मध्येच शाळांची स्नेहसंमेलने. कापूस घरात आलेला असतो, तूर उभी असते, हरभऱ्याला घाटे धरत असतात. हातात थोडा पैसा आणि थोडा वेळ, असे हे दिवस. आभाळ निळे, ऊन गोड. अशा वेळी मांडव उडून जाईल हे मनातही येत नाही. वादळ म्हटले की आपल्याला रोहिणी आठवतात, मृग आठवतो. हिवाळ्यात वादळ कशाला येते, असे म्हणून आपण निर्धास्त असतो.

पण ज्याचे पोट मांडवावर आहे त्याला विचारा. उन्हाळ्यातल्या वादळाची तो वाट पाहत असतो, म्हणून तयारीत असतो. हिवाळ्यातले वावधन त्याला गाफील गाठते. आज मी तुम्हाला त्याचाच थोडा इतिहास सांगणार आहे. राजांच्या इतिहासात तंबू येतात, मांडव येतात. पण ते उभे कोणी केले, वाऱ्यापासून राखले कोणी, हे फारसे येत नाही. जेवढे सापडते तेवढे आपण पाहू.

आधी शब्दच घेऊ. पुण्याकडे 'मंडपवाला' म्हणतील, अमरावती-अकोल्यात मात्र दुकानावर पाटी असते 'बिछायत केंद्र'. बिछाना म्हणजे अंथरणे या हिंदी क्रियापदावरून ही बिछायत आली. जुन्या कागदांत याच कामाच्या माणसाला 'फरास' म्हणत. तो शब्द 'फर्श' म्हणजे जाजम, अंथरूण यावरून आलेला. गंमत पाहा, दोन्ही नावे खालच्या अंथरुणावरून पडली, वरच्या छतावरून एकही नाही. आजही गिऱ्हाईक बिछायतवाल्याकडे गेले की गाद्या किती, जाजम किती, खुर्च्या किती, भांडी किती हेच आधी विचारते. छताचा दोर कसला आहे आणि तो कशाला बांधणार, हे क्वचितच कोणी विचारते. जे दिसते त्याचे भाडे ठरते आणि जे धरून ठेवते ते फुकटात जाते, असा हा व्यवहार आहे.

वऱ्हाडात मोठ्या प्रमाणावर तंबू आले ते मोगलांबरोबर. १५९६ मध्ये अहमदनगरच्या निजामशाहीने वऱ्हाड अकबराला देऊन टाकला. अकबराचा मुलगा मुराद इकडे आला आणि त्याने बाळापूरजवळ शाहपूर नावाची वस्ती वसवली. पुढे मुरादला परत नेण्यासाठी बादशहाने अबुल फजलला दख्खनेत धाडले. तो छावणीत पोचला त्याच सुमारास, १५९९ मध्ये, मुराद मेला. हा अबुल फजल म्हणजेच 'आईन-इ-अकबरी'चा कर्ता. त्याच्या ग्रंथात आपल्या वऱ्हाड सुभ्याची हकीकत आहे, आणि त्याच ग्रंथात बादशाही फरासखान्याचीही बारीक माहिती आहे. मी शिक्षकबंधूंना मुद्दाम सांगेन की इतिहासाच्या तासाला लढाईचे साल सांगून झाले की हे पानही मुलांना दाखवावे.

त्यात 'बारगाह' नावाचा एक दरबारी तंबू सांगितला आहे. मोठा असला तर त्यात दहा हजारांहून जास्त माणसे मावत आणि तो उभा करायला एक हजार फरासांना, यंत्रांची मदत घेऊनही, एक आठवडा लागे. बादशहाच्या एका मुक्कामाचे सामान वाहायला १०० हत्ती, ५०० उंट आणि ४०० गाड्या लागत. असे दोन संच असत. एक वापरात, दुसरा पुढच्या मुक्कामाला आधीच रवाना झालेला. मला यातले हत्ती-उंट तितकेसे महत्त्वाचे वाटत नाहीत. महत्त्वाचा आहे तो आठवडा. एका छताला सात दिवस द्यायची त्यांची तयारी होती. आज सकाळी मालगाडी उतरते आणि दुपारी चारला मांडव तयार पाहिजे असतो!

त्याच पानांत 'राहुटी' आहे. लाकडी खांबांची, दहा खांबांवर उभी राहणारी ही राहुटी; तिचे खांब जमिनीत थोडे गाडलेले असत, असे अबुल फजल स्पष्ट लिहितो. हे 'थोडे गाडलेले' लक्षात ठेवा, पुढे त्याचे काम पडणार आहे.

आता एवढा सरंजाम असूनही निसर्गापुढे बादशाही छावणीचे काय होई? औरंगजेबाची गोष्ट प्रसिद्ध आहे. १७०० च्या ऑक्टोबरात त्याचा तळ सांगोल्याकडे खवासपूरला माण नदीच्या काठी पडला होता. रात्री नदीला अचानक पूर आला. माणसे, जनावरे, तंबू वाहून गेले. हाकाटी ऐकून म्हातारा बादशहा उठला, धडपडला आणि त्याचा गुडघा असा निखळला की तो जन्माचा लंगडा झाला. ही माण वेगळी. आपल्या बाळापूरच्या किल्ल्याला बिलगून वाहणारीही मनच. पण दोन्हीकडे गोष्ट एकच: पाणी जवळ आणि जमीन सपाट म्हणून तळ तिथेच पडायचा. बाळापूर ही मोगलांची मोठी ठाण्याची जागा. तिथे मिर्झाराजे जयसिंग यांच्या नावाची दगडी छत्री आजही नदीकाठी उभी आहे. तिच्याभोवती जे हजारो कापडी तंबू कधी ना कधी उभे राहिले असतील, त्यांचा एक धागाही उरलेला नाही. कापडाचा इतिहास असाच असतो.

हे झाले बादशहाचे. तुमच्या-माझ्या आज्यापणज्याचा मांडव निराळाच होता. त्याला भाडे नव्हते. मुहूर्तमेढ रोवायची म्हणजे पहारीने हातभर खड्डा करायचा, त्यात मेढ उभी करायची, दगड-माती ठासायची. तशा चार कोपऱ्यांना आणि मध्ये मध्ये बल्ल्या. वर आडवे वासे, त्यावर तुराट्या किंवा बांबूच्या कामट्या, त्यावर आंब्या-जांभळाच्या डहाळ्या. डहाळे आणायला भाऊबंद बैलगाड्या घेऊन जात, तो एक सोहळाच असे. या मांडवाला वादळाची भीती नव्हती असे नाही, पण त्याच्यात दोन गुण होते. एक, त्याचे पाय जमिनीत होते. दुसरा, त्याचे छत वाऱ्याला अडवत नसे, पानापानांतून वारा निघून जाई. पाऊस आला तर मांडव गळे, वऱ्हाडी भिजत, पण मांडव उडून कोणाच्या डोक्यात बल्ली बसली असे सहसा होत नसे. आणि उडालाच तरी नुकसान काय, डहाळ्यांचे! दुसऱ्या दिवशी शेळ्या खाऊन टाकत.

कापडी मांडव गावात शिरला तो कापसाच्या पैशाबरोबर, असे मला वाटते. १८६० नंतरच्या दशकात रेल्वे अकोल्यावरून बडनेऱ्यापर्यंत आली, अमेरिकेतल्या यादवीमुळे आपल्या कापसाला सोन्याचा भाव आला, जिनिंग-प्रेसिंग उभे राहिले. वऱ्हाडचा कापूस गाठी बांधून मुंबईला आणि पुढे विलायतेला जाई आणि कापड होऊन परत येई. त्यातच जाड किंतान, ताडपत्री, डेऱ्याचे कापडही आले. साहेब लोकांच्या हिवाळी दौऱ्यांत तंबूचे तळ पडत, तेही लोक पाहत होते. घरी लग्न आहे, चार प्रतिष्ठित येणार, तर मग शामियाना पाहिजे. ज्याच्याकडे शामियाना त्याच्याकडून तो मागून आणायचा. मागण्याचे पुढे भाड्यात रूपांतर झाले.

सार्वजनिक मांडवाचे आपल्याकडचे मोठे उदाहरण म्हणजे अमरावतीची राष्ट्रसभा. १८९७ च्या डिसेंबरात, २७ ते २९ तारखेला, काँग्रेसचे अधिवेशन अमरावतीला भरले. अध्यक्ष होते सर शंकरन नायर, स्वागताध्यक्ष आपले दादासाहेब खापर्डे. दुष्काळाचे आणि प्लेगचे वर्ष. लोकमान्य टिळक तुरुंगात. देशाच्या कानाकोपऱ्यातून प्रतिनिधी आले, त्यांची सोय करायची, सभामंडप उभारायचा. लोक अध्यक्षांचे भाषण आठवतात. मंडपाच्या दोरखंडाचे कोणाला स्मरण राहणार? पुढे तेवीस वर्षांनी, १९२० च्या डिसेंबरात, नागपूरला अधिवेशन भरले तेव्हा प्रतिनिधींचीच संख्या चौदा हजारांच्या वर गेली होती. म्हणजे एका पिढीत सभा इतकी मोठी झाली. दोन्ही अधिवेशने डिसेंबरात भरली, कारण नाताळची सुटी आणि कोरडे आभाळ. तेव्हापासून आजपर्यंत आपले सगळे मोठे मांडव या कोरड्या आभाळाच्या भरवशावरच उभे राहत आले आहेत.

राहुटी हा शब्द मात्र आपल्याकडे कागदात राहिला नाही, तो अजून जिवंत आहे. ऐकायचा असेल तर बहिरमला जा. चांदूर बाजार तालुक्यात, परतवाडा-बैतूल रस्त्यावर, सातपुड्याच्या पायथ्याशी हे ठिकाण. २० डिसेंबरच्या आसपास यात्रा सुरू होते आणि जानेवारी संपेपर्यंत चालते. शेंदूर-लोण्याने माखलेला बहिरमबुवा टेकडीवर आणि खाली राहुट्यांची वस्ती. अमरावती, अचलपूर, मोर्शीकडून लोक येतात, राहुटी घेतात, मातीच्या हंडीत मटण शिजते, गोवऱ्यांच्या आरावर रोडगे भाजतात, पाहुण्यांना आग्रह होतो. सोयरिकी जमतात, भांडणे मिटतात, राजकारणही शिजते. 'बाप्पा, यंदा बहिरमले राहुटी टाकली का?' या प्रश्नात त्या घरच्या सुबत्तेची सगळी चौकशी येऊन जाते.

अशी महिना-दीड महिना उभी राहणारी राहुटी ही बिछायतवाल्याची खरी परीक्षा आहे. लग्नाचा मांडव दोन दिवसांचा. तो दैवावर निभावतो. राहुटीला रात्रीचे दव, डोंगरावरून उतरणारा गार वारा, चुलीचा धूर आणि ठिणग्या, सारे सोसावे लागते. म्हणून जत्रेच्या जागी काम केलेला जुना माणूस दोर बांधताना पाहावा. तो दोर पूर्ण ताणत नाही. सुती आणि अंबाडीचा दोर ओला झाला की फुगतो आणि लांबीला आखडतो. संध्याकाळी सतारीच्या तारेसारखा ताणून बांधला तर पहाटे दवाने तो इतका ओढतो की खुंटी तरी उपटते, कापडाचा कान तरी फाटतो. म्हणून रात्री निजायच्या आधी एक फेरी मारून तणावे बोटभर सैल करायचे आणि सकाळी ऊन चढले की पुन्हा ओढायचे. फरासाची ही विद्या कोणत्या पुस्तकातून आली नाही, हाताहातातून आली. आता नायलॉनचे आणि प्लास्टिकचे दोर आले, ते ओले होऊन आखडत नाहीत. पण त्यांचा दोष उलटा आहे. ते गुळगुळीत, गाठ धरत नाहीत. वाऱ्याने कापड फडफडत राहिले की गाठ हळूहळू सुटत जाते. दोर बदलला, गाठ मात्र तीच राहिली, हे काही बरोबर नाही.

जत्रांचे म्हटले तर ऋणमोचनही आठवते. पूर्णेच्या काठी पौषातल्या रविवारी तिथे यात्रा भरते. गाडगेबाबांच्या कामाची सुरुवातच तिथल्या घाटापासून झाली. बाबांच्या कीर्तनाला मांडवाचा थाट लागत नसे. आभाळ हेच छत. पण यात्रेकरू थंडीवाऱ्यात उघड्यावर कुडकुडतो हे त्यांनी पाहिले होते, म्हणून त्यांनी पंढरपूरला, नाशिकला, आळंदीला पक्क्या धर्मशाळा बांधल्या. त्यांना कापडी छताचे कौतुक नव्हते.

आता अलीकडच्या बदलाकडे येतो, कारण खरी मेख इथे आहे. गेल्या तीस-चाळीस वर्षांत बल्ल्या गेल्या, लोखंडी पाइप आले. पाइपाच्या बुडाला चौकोनी पत्रा. तो जमिनीवर नुसता टेकवायचा. गावातले रस्ते सिमेंटचे झाले, अंगणात फरशी आली, शहरात लॉन आणि मंगल कार्यालये झाली. खड्डा करायचा कुठे? कोणी करूही देत नाही. म्हणजे अबुल फजलच्या राहुटीचे 'थोडे गाडलेले' खांब आणि आपल्या आजोबांची ठासलेली मेढ, दोन्ही गेल्या. त्याच वेळी वरचे कापड बदलले. जाड सुती कापडातून वारा थोडा तरी झिरपे. नवे झिरमिळीचे रंगीत कापड हलके, पण खाली प्लास्टिक लावले की वाऱ्याला पूर्ण आडवे. मांडवाचा आकार वाढला, उंची वाढली, वर झुंबरे आली, दिव्यांच्या माळा आल्या. पाय हलके झाले आणि शीड मोठे झाले. जहाजाला असे केले तर ते उलटेल हे कोणीही सांगेल.

हे कापड पेटतेही लवकर. हरियाणात डबवालीला २३ डिसेंबर १९९५ रोजी एका शाळेच्या वार्षिक समारंभाच्या मांडवाला आग लागली आणि चारशेहून अधिक माणसे, त्यांत कितीतरी मुले, होरपळून मेली. शिक्षकबंधूंनी स्नेहसंमेलनाचा मांडव ठरवताना ही तारीख लक्षात ठेवावी. तात्पुरत्या मांडवांना आगीपासून कसे राखावे यासाठी भारतीय मानक आय.एस. ८७५८ आहे. शाळेने ते मागवून पाहावे.

हिवाळ्यात वारा येतो कुठून, तेही थोडे समजून घेऊ. हिवाळ्यात उत्तर हिंदुस्थानात पश्चिमेकडून वाऱ्याचे विक्षोभ येत राहतात. हिमालयात बर्फ पडतो तो त्यांच्यामुळे. बहुतेक वेळा ते वरच्या वर निघून जातात. पण एखादा थोडा दक्षिणेकडे उतरला आणि त्याच वेळी बंगालच्या उपसागराकडून दमट वारा आत आला, तर दोघांची गाठ मध्य भारतावर, म्हणजे आपल्या डोक्यावर पडते. खाली ओल, वर गार हवा, दुपारचे ऊन; ढग उंच चढतो, गारा बनतात आणि त्या ढगातून थंड हवा एकदम खाली कोसळते. तेच आपले वावधन. पाऊण तासाचा खेळ. पण दिशा ठरलेली नसते. सकाळी वारा पूर्वेचा असतो म्हणून तिकडचे तणावे पक्के केले, आणि संध्याकाळी झोत आला पश्चिमेकडून, असे होते.

२०१४ साली फेब्रुवारीच्या शेवटापासून मार्चच्या मध्यापर्यंत महाराष्ट्रात गारपिटीने जो कहर केला तो शेतकरी विसरलेला नाही. त्या वर्षी महाशिवरात्र २७ फेब्रुवारीला होती. २०१८ साली शेगावचा प्रकटदिन ७ फेब्रुवारीला पार पडला आणि ११ तारखेपासून विदर्भ-मराठवाड्यात गारा कोसळल्या. महाशिवरात्रीचे मांडव तेव्हा उभे होत होते. २०२१ च्या डिसेंबरातही, २८ तारखेच्या सुमारास, विदर्भाच्या अनेक भागांत गारा पडल्या. एरवी हे बहिरमचे दिवस. पंचांग आणि हवामान शेजारी शेजारी ठेवून पाहिले की लक्षात येते, आपले माघातले उत्सव नेमके गारांच्या दिवसांत येतात. हे काही नवीन नाही. नवीन एवढेच की आता त्या दिवशी गावात पूर्वीपेक्षा कितीतरी मोठे कापड ताणलेले असते.

थोडा हिशेब करू. मास्तरांनी हा वर्गात फळ्यावर घालावा. ताशी ५० किलोमीटर वेगाचा वारा समोरच्या सपाट वस्तूवर दर चौरस मीटरला सुमारे १२ किलो दाब देतो. पंधरा फूट लांब, सहा फूट उंच अशी एक कनात धरा. तिचे क्षेत्रफळ आठ चौरस मीटरच्या वर होते. म्हणजे एका कनातीवर जवळजवळ एक क्विंटल जोर. वेग दुप्पट झाला, ताशी १०० झाला, तर जोर दुप्पट होत नाही, चौपट होतो, चार क्विंटल. अशा दहा कनाती एका ओळीत असतील तर चाळीस क्विंटल, आणि तो ओढणार कोण, तर बोटाएवढे दोर आणि हातभर खुंट्या. पाण्याचेही तसेच. शंभर चौरस फूट छतावर एक इंच पाणी साचले तर ते २३६ किलो भरते. छताला पोट आले की पाणी तिथेच जमते, पोट आणखी खाली येते, मग आणखी पाणी. म्हणून छताला उतार पाहिजे, पाण्याला वाट पाहिजे. बांबूने खालून ढोसून पाणी काढणारी पोरे आपण पाहतो. त्या वेळी अंगावर अडीच क्विंटल पाणी आणि शेजारी विजेची माळ असते, हे त्यांना कोणीतरी सांगायला हवे.

आपली काळी माती हीही एक अडचण. हिवाळ्यात वरची चार-सहा बोटे माती कोरडी, भेगाळलेली, भुसभुशीत असते. फूटभराची खुंटी तेवढ्याच थरात बसते. पहिली सर आली की तोच थर चिखल होतो आणि खुंटी लोण्यातून सुरी निघावी तशी निघते. म्हणून काळ्या जमिनीत खुंट दोन-अडीच फुटांचा पाहिजे, म्हणजे तो खालच्या घट्ट मातीत पोचतो. ठोकताना त्याचे डोके मांडवाकडे नव्हे, मांडवापासून बाहेर झुकवावे. खांब जितका उंच तितक्याच अंतरावर खुंट असावा. जिथे फारच ओढ आहे तिथे जुने लोक खुंटीवर विसंबत नसत. हातभर खोल चर खणून त्यात लाकडाचा ओंडका आडवा गाडत आणि त्याला दोर बांधत. सिमेंटच्या रस्त्यावर हे जमत नाही, तिथे मुरमाने भरलेली पोती किंवा पाण्याच्या टाक्या वजनाला ठेवाव्या लागतात; पण वरचा हिशेब पाहिलात, दोन-चार पोत्यांनी भागत नाही. झाडाला, विजेच्या खांबाला किंवा शेजारच्या कच्च्या भिंतीला दोर बांधून मोकळे होण्याची सवय मात्र वाईट.

कनातींचेही एक शास्त्र आहे. वारा एका बाजूने मांडवात शिरला आणि पलीकडे कनाती बंद असल्या की तो आत कोंडतो आणि छताला खालून उचलतो. वरून जाणारा वारा छताला आधीच ओढत असतो. दोघे मिळून मांडव उपटतात. तेव्हा एक तर वाऱ्याची बाजू पक्की बंद करावी, नाही तर दोन्हीकडच्या कनाती सोडून वाऱ्याला आरपार जाऊ द्यावे. अर्धवट उघडा मांडव सगळ्यात धोक्याचा. आणि छताचे कापड उतरवायचे ते ढग दिसताच, वारा सुटल्यावर नव्हे. सुटलेल्या वाऱ्यात शिडीवर चढलेला मजूर हा त्या मांडवातला सर्वांत असहाय माणूस असतो.

कापड उतरवा म्हटले की अडचण येते ती गिऱ्हाइकाची. पंगत बसलेली, नवरदेव पारावर, कीर्तनात काला व्हायचा. आणि बिछायतवाला म्हणतो, 'भाऊ, मांडव खाली करा, आभाळ भरून येऊन रायलं.' त्याचे कोण ऐकतो? उलट वादळाला भिऊन लोक मोकळ्या मैदानातून मांडवाखाली धावत येतात. माणसाचा स्वभाव असा की डोक्यावर काहीही असले तरी त्याला आडोसा वाटतो. ९ एप्रिल २०२३ ला रात्री आपल्या अकोला जिल्ह्यात पारसला काय झाले ते सर्वांना ठाऊक आहे. धार्मिक कार्यक्रमाला जमलेले लोक वादळ-पावसात बाबूजी महाराज मंदिराजवळच्या टिनाच्या शेडखाली थांबले आणि जुना कडुनिंब त्या शेडवर कोसळला. सात माणसे गेली. ते शेड पक्के होते, कापडी नव्हते. महिनाही हिवाळ्याचा नव्हता. तरी गोष्ट तीच. त्याआधी २०१९ च्या जूनमध्ये राजस्थानात बाडमेर जिल्ह्यातल्या जसोल गावी रामकथेचा मांडव वादळात कोसळला, वीजप्रवाह उतरला आणि किमान चौदा माणसे दगावली. दोन्हीकडे लोक छताखालीच होते.

तेव्हा मांडव कोणाच्या शब्दावर रिकामा करायचा, हे सुपारी देतानाच ठरले पाहिजे. नागपूरचे प्रादेशिक हवामान केंद्र विदर्भातल्या जिल्ह्यांसाठी इशारे देते, रेडिओवर ते सांगितले जातात, आणि विजेचा अंदाज सांगणारे 'दामिनी' हे अॅप मोबाइलवर आहे. माहितीची वाण नाही. वाण आहे ती अधिकाराची. यजमान, पुजारी, मुख्याध्यापक, सरपंच यांच्यापैकी एकाने सकाळीच म्हणावे की आज बिछायतवाल्याने हात वर केला की सगळे उठतील, आणि विजेचे मुख्य बटन अमक्याने बंद करायचे. शाळेच्या मांडवात तर हे शिक्षकानेच म्हणायला हवे. पोरे दुसऱ्या कोणाचे ऐकत नाहीत.

राहिला नुकसानीचा प्रश्न. गारपीट झाली की तलाठी येतो, पिकाचा पंचनामा होतो. मदत उशिरा का होईना मिळण्याची आशा असते. बिछायतवाल्याच्या कापडाला सातबारा नसतो. त्यातले बरेच जण छोटी माणसे आहेत. दोन-चार एकर कोरडवाहू शेती, जोडीला हा धंदा, आणि सगळे भांडवल कापडात, पाइपांत, खुर्च्यांत अडकलेले, तेही बहुधा कर्जाचे. एका संध्याकाळी छत फाटले, खुर्च्या मोडल्या, भांडी चिखलात गेली, की वर तो यजमानाकडून उरलेले भाडे मागायलाही संकोचतो. त्याच्या घरी लग्नात विघ्न आलेले असते. काही यजमान मनाने देतात, काही 'तुझा मांडव पडला, तूच दे' म्हणतात. तोंडी व्यवहार असला की जो मोठा त्याचे खरे. अर्ध्या कागदावर चार ओळी लिहिल्या, वादळाने मोडले तर कोणी किती सोसायचे, ढग आले तर कापड काढण्याचा अधिकार कोणाचा, एवढे जरी लिहिले तरी पुष्कळ तंटे टळतील. गावातल्या शिकलेल्या माणसाने हा मसुदा एकदा करून दिला तर तो वर्षानुवर्षे चालेल. विमाही काढता येतो. विमा प्रतिनिधीला विचारताना 'मालगोदामात असताना' आणि 'मैदानात उभे असताना' असे दोन वेगळे प्रश्न विचारावेत, कारण पहिल्याचे संरक्षण दुसऱ्याला लागू पडेलच असे नाही.

आणि वादळ ओसरल्यावरचे काम विसरू नका. ओले कापड घाईघाईने गुंडाळून गोदामात टाकले की आठ दिवसांत त्याला भुरी येते, काळे डाग पडतात, सुती कापड कुजून जागच्या जागी चिरते. असे कापड वरून धड दिसते आणि पुढच्या वाऱ्यात पहिल्या झटक्याला फाटते. दुसऱ्या दिवशी ऊन पडताच ते पसरून दोन्ही अंगांनी खडखडीत वाळवावे, चिखल कोरडा झाल्यावर झटकावा, कानांची शिवण हाताने ओढून पाहावी, आणि पाइपाचे वाकलेले तुकडे ठोकून सरळ न करता वेगळे काढावेत. दोराला कुठे धागे सुटले असतील तर तो दोर मांडवाच्या कामातून काढून गोठ्यात द्यावा. गाय त्याला तितका हिसडा देत नाही.